वेशीबाहेरचे भिंगार

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आजोळी जात असू, आणि आमचे आजोळ भिंगारला होते. नगरच्या मोटारस्टँडवर उतरलो की वडील टांगा ठरवायला जात. टांगेवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "नगरातच, का भिंगारला?" भिंगार म्हटले की भाडे वाढे, आणि वडिलांचा चेहरा थोडा उतरे. किल्ल्याच्या बाजूने टांगा छावणीच्या रुंद, शांत रस्त्याला लागे. दुतर्फा झाडे, चुना लावलेले दगड, एखादा पहारेकरी. मग एकाएकी बाजाराचा गलबला सुरू होई, दारादारांवरचे आकाशकंदील दिसू लागत आणि त्या गलबल्यातूनही आजोबांच्या शिवणयंत्राची खडखड आम्हांला ओळखू येई. दिवाळीच्या आदल्या रात्री भिंगारातल्या शिंप्याला उसंत कुठली!

एकदा मी आजोबांना विचारले, "आजोबा, भिंगार नगरात येतं का हो?" त्यांनी दातांत धरलेला दोरा बाजूला काढला आणि म्हणाले, "भिंगार नगरात येत नाही, बाळ. नगर भिंगारात आलं." आम्ही मुले खो खो हसलो. आजीसुद्धा काज करता करता हसली. गावाचा अभिमान प्रत्येकालाच असतो, तसा तो आजोबांना आहे, एवढाच अर्थ आम्ही त्यातून घेतला.

पुढे मी मराठीचा शिक्षक झालो. पुस्तकांवर लिहिण्याची खोड लागली आणि पाहता पाहता चाळीस वर्षे मी परीक्षणे लिहिली. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर तर थोडे अधिकच लिहिले. आज मागे वळून पाहताना जाणवते ते असे की, आजोबांचे ते वाक्य शब्दशः खरे होते. आणि या भागावर ज्यांनी ज्यांनी लिहिले त्यांपैकी कोणालाही ते वाक्य बोलणाऱ्या माणसाकडे वळून पाहावेसे वाटले नाही. त्यांत मीही आलो. नगरच्या वेशीबाहेरील या वस्तीची ग्रंथांनी कशी दखल घेतली हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे. टीकेच्या नावाखाली तो थोडासा कबुलीजबाबही आहे, हे वाचकांपासून लपवीत नाही.

प्रारंभ फिरिश्त्यापासून करावा लागतो. हा इतिहासकार लहानपणी इराणातून अहमदनगरला आला, निजामशाही दरबारात वाढला आणि १५८९ साली येथील रक्तपाताला कंटाळून विजापुरास गेला. त्याच्या इतिहासात या शहराच्या जन्माची हकीकत आहे. बहामनी सत्तेविरुद्ध उठलेल्या मलिक अहमदवर जहांगीरखान नावाचा सरदार मोठे सैन्य घेऊन चालून आला आणि त्याचा तळ भिंगारपाशी पडला. दिवस गेले. शत्रू जेऊरच्या घाटाकडे आहे, तो काही येत नाही, अशा समजुतीने छावणीत खाणेपिणे रंगू लागले. २८ मे १४९० च्या पहाटे अहमदने झोपेतल्या छावणीवर झडप घातली आणि बहामनी सैन्याची धूळधाण उडवली. इतिहासात हिला 'बागेची लढाई' म्हणतात; कारण विजयाच्या जागी अहमदने बाग लावली आणि महाल बांधला. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या अधेमध्ये ही जागा सोईची, म्हणून १४९४ च्या सुमारास त्याने येथेच, सीनेच्या काठी, आपल्या नावाचे शहर वसवले. बागेच्या जागी पुढे किल्ला उभा राहिला.

म्हणजे भिंगार होते, म्हणून तेथे छावणी पडली; छावणी पडली, म्हणून लढाई झाली; लढाई झाली, म्हणून बाग आली आणि बागेच्या मागोमाग शहर आले. आपण उपनगर म्हणतो तेव्हा शहर आधी आणि त्याची सावली पुढे लांब पडत गेली, असे चित्र डोळ्यांसमोर आणतो. येथे सावली आधीची आहे. मुंबईची दादर-पार्ले, पुण्याची डेक्कन जिमखाना ही शहराची लेकरे. भिंगार हे नगरचे लेकरू नव्हे. फार तर घरात मुलगा मोठा झाल्यावर ओसरीवर बसवलेले वडील माणूस म्हणावे.

फिरिश्त्याची हकीकत वाचताना मौज वाटते ती त्याच्या नजरेची. अहमदचे धोरण त्याला दिसते, जहांगीरखानाचा गाफीलपणा दिसतो, नव्या शहराचा डौल दिसतो. परंतु एवढे सैन्य जिच्या शिवारात उतरले त्या वस्तीचे काय झाले? हजारो घोड्यांना वैरण कुणाच्या गंजीतून गेली? विहिरी आटल्या का? पहाटेच्या कापाकापीनंतर प्रेते कुणी उचलली? दरबारी बखरकाराला हे प्रश्न पडत नाहीत, आणि पडावेत अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे. पण भिंगारचा ग्रंथांतील पहिला प्रवेश हा असा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. गाव म्हणून ते तेथे येत नाही. येते ते तळ ठोकण्याची जागा म्हणून. पहिल्याच ओळीत त्याला मिळालेली ही भूमिका पुढे पाच शतके सुटली नाही.

दुसरा मोठा प्रवेश औरंगजेबाचा. जवळजवळ पंचवीस वर्षे महाराष्ट्राशी झुंजून थकलेला हा बादशहा १७०६ च्या जानेवारीत अहमदनगरला परतला. प्रवासाचा शेवट येथेच होणार हे त्याने ओळखले होते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. आणि तसेच झाले. ३ मार्च १७०७ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो येथे छावणीत वारला. देह खुलदाबादला नेऊन पुरला. परंतु भिंगारजवळ आलमगीर नावाची जागा आहे, तेथे त्या देहाला अखेरचे स्नान घातले, असे पिढ्यानपिढ्या सांगतात. लहानपणी आम्ही तिकडे बोरे वेचायला जात असू. बादशहा येथे न्हाला, एवढेच आम्हांला ठाऊक. मेल्यावर न्हाला, हे कोणी सांगितले नव्हते.

या अखेरच्या वर्षाविषयी लिहून ठेवणाऱ्यांची वाण नाही. साकी मुस्तैदखानाचा 'मासिर-ए-आलमगिरी' आहे, खाफीखान आहे, भीमसेन सक्सेना आहे. जदुनाथ सरकारांनी पाच खंडांत औरंगजेबाचे चरित्र उभे केले आणि सेतुमाधवराव पगडींनी मोगलकालीन फार्सी साधने मराठी वाचकाच्या हाती दिली. पगडींचे हे ऋण केवढे मोठे आहे, हे त्यांच्याआधीची इतिहासाची पुस्तके वाचल्यावरच कळते. आणि या साधनांच्या जोरावर आपल्या कादंबरीनेही धीटपणा दाखवला. ना. सं. इनामदारांची 'शहेनशहा' १९७० साली आली. ज्या माणसाचे नाव घेताच मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडते, त्याच्याच अंतरंगात शिरण्याचे धाडस तिने केले. मी त्या वेळी तिच्याविषयी चार ठिकाणी भरभरून बोललो. आजही ते मत मी मागे घेत नाही.

परंतु एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. ऐतिहासिक कादंबरी तंबूच्या आत राहते. पडदा, शमादान, तस्बीह, पत्रे लिहिणारा थकलेला हात हे सगळे आत आहे. तंबूच्या दोऱ्या मात्र बाहेर, कुणाच्या तरी शेतात, ठोकलेल्या खुंट्यांना बांधलेल्या असतात. मोगलांची छावणी म्हणजे चालते शहर. तिला धान्य, सरपण, चारा, पाणी रोज लागे. तिच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने बादशहाचे मरण म्हणजे काय असेल? इतिहासाचे एक पर्व संपले, असे त्याला वाटले असेल का? का आता ही माणसे निघून जातील आणि आपली बाजारातली उधारी बुडेल, अशी धास्ती त्याने घेतली असेल? हा दुसरा प्रश्न क्षुद्र वाटेल. तो क्षुद्र नाही, हे मला कसे कळले ते पुढे सांगतो.

इंग्रजांनी १२ ऑगस्ट १८०३ रोजी किल्ला घेतला. पुढे १८१७ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहानंतर तो कायमचा त्यांच्याकडे आला आणि किल्ल्यापलीकडची जमीन पुन्हा एकदा छावणीच्या कामी आली. तंबूंच्या जागी या वेळी बराकी आणि बंगले आले, एवढाच फरक. इंग्रजाला लिहून ठेवण्याची हौस फार. १८८४ साली मुंबई सरकारने नगर जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. ते आजही डोळे दिपवते. जातीजमाती, पिके, माग, भाव, दुष्काळ, खापरी नळांचे पाणी, इमारतींची मापे, काय नाही त्यात! परंतु स्थलवर्णनाच्या प्रकरणात नगर शहराला पानेच्या पाने आणि भिंगारला मोजक्या ओळी, असा हिशेब आहे. भिंगारची माणसे तेथे आहेत, पण आकडा होऊन आहेत. मोजलेला माणूस आणि पाहिलेला माणूस यांत जे अंतर असते, तेच गॅझेटियर आणि साहित्य यांत असते.

या छावणीत जगातली माणसे येऊन गेली. बोअर युद्धात पकडलेले दक्षिण आफ्रिकेतील शेतकरी १९०१-०२ मध्ये येथे कैदी होते. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिकांना येथे अडकवून ठेवले होते. १६ एप्रिल १९१८ रोजी एका आयरिश फौजी बापाच्या घरी नगरला एक मूल जन्मले. त्याने पुढे स्पाइक मिलिगन या नावाने सगळ्या इंग्लंडला हसवले. हे वाचून आपल्या गावाचा ऊर भरून यावा, असे काही लोकांना वाटते. मला तसे वाटत नाही. छावणीत जन्मलेले मूल छावणीबरोबर निघून जाते. त्याच्या दुपट्याला टाके घालणारी, त्याचे कपडे धुणारी, त्याला दूध घालणारी माणसे मात्र मागे राहतात. चरित्रात जन्मगाव म्हणून एक शब्द येतो आणि ती माणसे त्या शब्दाच्या आतच मिटून जातात.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. प्रारंभी ही जागा लोकांपासून गुप्त ठेवली होती. त्या बंदिवासात दोन थोर ग्रंथ जन्मले. पंडित नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत 'भारताचा शोध' लिहिला आणि मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रे लिहिली, जी मित्राकडे कधी धाडताच आली नाहीत. ज्या गावाच्या पंचक्रोशीत असे दोन ग्रंथ लिहिले गेले ते गाव भाग्याचे, यात शंका नाही.

नेहरूंच्या ग्रंथात प्रारंभीच किल्ल्यातल्या बागकामाचा भाग आहे. कुदळ घेऊन ते जमीन खणतात, तेव्हा जुन्या भिंतींचे आणि घुमटांचे अवशेष हाती लागतात, आणि त्यांच्या मनात भूतकाळ जागा होतो. फार सुंदर जागा आहे ती. आझादांच्या पत्रांत खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या आहेत, पहाटेचा चहा आहे, आणि दूर कलकत्त्यास पत्नी वारली त्या दिवसांचे संयमाने गिळलेले दुःख आहे. मराठी वाचकाने हे दोन्ही ग्रंथ जोडीने वाचावेत. एकजण कोठडीतून पाच हजार वर्षांकडे पाहतो, दुसरा चहाच्या पेल्याकडे. आणि खरे सांगायचे तर माणसाचे मन मला चहाच्या पेल्यातच अधिक दिसते.

नेहरू खाली खणत होते. खाली त्यांना इतिहास सापडला. आडवे पाहायला वाव नव्हता. मध्ये तट होता, खंदक होता, पहारा होता. तटाच्या पलीकडे भिंगार होते. त्या कैद्यांना दोष देण्याचा विचारही माझ्या मनाला शिवत नाही. ज्यांना बाहेरचे झाड दिसण्याची चोरी, त्यांनी बाजार का पाहिला नाही, असे विचारणे हा टीकेचा उद्धटपणा होईल. माझा आक्षेप आम्हां वाचकांवर आहे. आम्ही किल्ला पाहायला जातो, ती खोली पाहतो, हात जोडतो आणि परत फिरतो. ग्रंथकर्त्याला तट ओलांडण्याची बंदी होती. आम्हांला कोणी बंदी केली होती?

बखरकार दरबारात, कादंबरीकार तंबूत, गॅझेटियरकर्ता कचेरीत, थोर कैदी किल्ल्यात. या परिसरावरचे ज्ञात लेखन जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांनी केले आहे. राहणाऱ्या माणसाने केलेले लेखन कोठे आहे?

नगरच्या मातीत ते अशक्य होते असे म्हणण्याची सोय नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांच्या संसाराचा मोठा काळ नगर आणि राहुरी येथे गेला. शाळेचे नाव नाही, ग्रंथांचा आधार नाही. पण चूल, पाहुणे, उसनवारी, नवऱ्याचा विक्षिपणा, धर्मांतराने दुभंगलेले घर हे सगळे त्यांनी अशा भाषेत सांगितले की, महापंडितांनी वही मिटून ऐकत बसावे. त्यांनी नगरचा इतिहास लिहिला नाही. तरी त्या काळचे नगर पाहायचे असेल तर मी गॅझेटियर बाजूला ठेवून 'स्मृतिचित्रे' उघडतो. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' दिले. त्यात गाव आहे आणि मुंबईचा कावाखाना आहे. ज्या वस्तीकडे पाहायला सभ्य मराठी साहित्य तयार नव्हते, ती वस्ती तेथे स्वतःच बोलू लागली. मुंबईच्या बाबतीत बाबूराव बागूल, भाऊ पाध्ये, जयवंत दळवी यांनी हे काम आधीच सुरू केले होते. महानगराच्या कडेच्या माणसाला अशा रीतीने मराठीत जागा मिळाली. जिल्ह्याच्या गावाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला मात्र ती अजून मिळायची आहे. तो ना धड खेडूत, ना धड शहरी. ग्रामीण साहित्याला तो पुरेसा ग्रामीण वाटत नाही, आणि शहरी साहित्याला तो परवडत नाही.

आता कबुलीजबाब. आजोबांच्या दुकानात खातेवह्या असत. लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या, लांबट. दर दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढून तिची पूजा होई आणि जुनी फडताळात जाई. १९८६ साली भिंगारचे घर मोकळे करायचे ठरले, तेव्हा अशा बारा-तेरा वह्या निघाल्या. मी शिकलेला नातू, म्हणून कागदपत्रांची निरवानिरव माझ्याकडे आली. घराचे कागद मी जपून ठेवले आणि वह्या रद्दीवाल्याला वजनावर घातल्या. त्या आठवड्यात मी ऐतिहासिक कादंबरीतल्या वास्तवावर एक लेख लिहीत होतो. मामी म्हणालीही, "अरे, त्यांचं अक्षर आहे त्यात. एखादी तरी ठेव." म्हणून एक ठेवली. हाताला लागली ती, निवड केली नाही.

ती वही १९४३ ते १९४८ ची आहे. तीस वर्षे ती माझ्याकडे न वाचता पडून होती. मोडी-मिश्रित अक्षर लागत नाही ही सबब होती. अलीकडे डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यावर ती उघडली. एप्रिल १९४४, म्हणजे पंडितजींनी ज्या महिन्यात ग्रंथ हाती घेतला तो महिना. आजोबांच्या वहीत त्या महिन्यात मच्छरदाण्यांचे काम आहे. रोजच्या नोंदी आहेत. कुणा हवालदाराची पँट कमरेत आवळली. एका खानसाम्याचा कोट उलटवून शिवला. कापड मिळेनासे झाले होते, म्हणून लोक झिजलेली बाजू आत घालून घेत. मिशनातल्या एका मास्तरांची टोपी आहे. पाववाल्याने मजुरीऐवजी पाव दिले, ते नगांवर मांडले आहेत. साळ्याकडून आलेले एक लुगडे आजीच्या नावावर आहे, आणि त्यापुढे 'फेड दिवाळीस' असे लिहिले आहे. किल्ल्याचा उल्लेख नाही. देशाचा शोध ज्या तटाच्या आत चालला होता त्याच्या बाहेर एक शिंपी जुना कोट उलटवून नवा करीत होता. या दोहोंत मोठे काय, असे विचारण्यात अर्थ नाही. पण एकाला आपण सगळे जपले आणि दुसऱ्याचे तेरांपैकी एक पुस्तक उरले, तेही मामीमुळे.

१९४७ चा उत्तरार्ध आला की वहीतले अक्षर बदलते. गोऱ्या पलटणी निघाल्या. पानापानांवर, आकड्यांपुढे, एकच शब्द येतो, 'गेले'. नाव, नंबर, बाकी आणि पुढे 'गेले'. कोठे दोन रुपये, कोठे साडेतीन. मी ते पान पाहिले आणि औरंगजेबाच्या मरणाविषयीचा तो प्रश्न मला पडला, आधी नव्हे. भिंगारमध्ये साम्राज्ये संपतात तेव्हा कोणाची तरी उधारी बुडते. मोठ्या इतिहासाचा आणि लहान माणसाचा येथे जो संबंध येतो तो हा. आणि पुढच्याच पानांवर, १९४८ मध्ये रणगाडा दलाचे केंद्र व शाळा येथे एकवटली तेव्हा, नवी नावे सुरू होतात. शीख, जाट, राजपूत, मद्रासी. आजोबा पुन्हा उधार देऊ लागले आहेत! या धीराला काय म्हणावे? मी चाळीस वर्षे ज्याला वीररस म्हणत आलो, त्यात हा बसत नाही. पण त्याहून कमीही नाही.

कोणी म्हणेल, टीकाकाराने लिहिलेल्या पुस्तकावर बोलावे. न लिहिलेल्या पुस्तकाबद्दल तक्रार करणे हे त्याचे काम नव्हे. एरवी मीही हेच म्हटले असते. परंतु टीका म्हणजे निवड, आणि आपल्या निवडीने आपण लिहिणाऱ्याला काय लिहिण्याजोगे आहे ते शिकवीत असतो. भिंगारातला एखादा होतकरू मुलगा पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याकडे हस्तलिखित घेऊन आला असता तर मी त्याला काय सांगितले असते? "चांदबीबीवर लिही" असेच सांगितले असते. तसा एकजण आलाही होता. त्याच्या कथांत पेन्शनीत निघालेला जमादार, छावणीच्या शाळेतली घंटा, बाजारात विकायला आलेली जुनी लष्करी पांघरुणे असे काही होते. मी विषय किरकोळ आहे, असा अभिप्राय दिला. तो पुन्हा आला नाही. त्याने पुढे काय केले, ते मी विचारले नाही.

आता घाई करायला एक कारण आहे. छावण्यांमधील नागरी वस्ती वेगळी काढून ती शेजारच्या नगरपालिकांना जोडावी, असे केंद्र सरकारचे धोरण आहे. २०२३ साली हिमाचलातल्या योल छावणीपासून त्याची सुरुवात झाली. भिंगारातही या विषयाची चर्चा आहे. कर, पाणी, घरांची दुरुस्ती, प्रत्येक परवानगीसाठी छावणीच्या दारात जाणे हे सारे भोगलेल्या माणसाला ती चर्चा गोड वाटली तर नवल नाही, आणि बाहेर राहून त्याला नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. उद्या भिंगार शहरात विलीन होईलही. नगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. त्याआधी बाग झाली, किल्ला झाला, पेठा झाल्या, महापालिका झाली. भिंगारचे नाव मात्र बागेच्या लढाईच्या हकिकतीत जे आहे तेच आज दुकानांच्या पाट्यांवर आहे. ते एखाद्या प्रभागाच्या क्रमांकात मिटण्याआधी तेथल्या माणसांनी ते कागदावर मांडावे, एवढीच माझी इच्छा आहे.

त्यासाठी साधने कोठली, असे विचारतील. बादशहांची साधने दफ्तरखान्यांत असतात. भिंगारची साधने घरोघरच्या फडताळांत आहेत. खातेवह्या, रेशनकार्डे, बाप्तिस्म्याचे दाखले, पलटणीबरोबर बदलून गेलेल्या मित्राचे पत्र, लग्नपत्रिका, मागाचा मोडका धोटा, आणि आजीची आठवण, जी कोणी विचारली नाही म्हणून बोलत नाही. या दिवाळीत घर झाडताना असले काही हाती लागेल. ते रद्दीत घालण्याआधी एक वेळ उघडून पाहा. अक्षर लागत नसेल तर घरातल्या सर्वांत वडील माणसाला फराळाच्या ताटावर बसवून विचारा. मोठा ग्रंथ लिहायलाच हवा असे नाही. पाठकोऱ्या कागदावर चार पाने लिहिलीत तरी फिरिश्त्याने जे सोडले ते तुम्ही भरून काढाल.

गेल्या महिन्यात मी भिंगारला जाऊन आलो. टांगे कधीच गेले; रिक्षावाल्याने विचारले, "शहरातच, का भिंगारला?" मी भिंगार म्हटले, त्याने भाडे वाढवून सांगितले. आजोबांच्या दुकानाच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. तेथला तरुण मला म्हणाला, "काका, कोणाला शोधताय?" मी वही पिशवीतून काढून त्याला दाखवली. त्याने पाने चाळली आणि एका नावावर बोट ठेवले. "हे आमचे पणजोबा असावेत. पाववाले होते. यांचा हिशोब फिटला होता का हो?"

मी चष्मा लावून पाहिले. फिटला होता. त्याला ते वाचून दाखवताना माझ्या आवाजात जो आनंद होता तो चाळीस वर्षांत कुठल्याही ग्रंथाच्या परीक्षणात आला नसेल.